चारशे वॅटची ऊब

विनिपेगमध्ये नव्याने आलेला मराठी माणूस पहिल्या आठवड्यात एक प्रश्न हमखास विचारतो : इथल्या सगळ्या गाड्या विजेवर चालतात की काय? त्याचं चुकत नाही. पार्किंगमधल्या बहुतेक गाड्यांच्या पुढच्या जाळीतून एक काळी वायर बाहेर डोकावत असते आणि तिच्या टोकाला घरगुती, तीन पिनांचा प्लग असतो. कुणी तो जाळीत नीट खोचून ठेवतो, कुणी बंपरवर तसाच लोंबत सोडतो. गाड्या मात्र पेट्रोलच्याच. नंबरप्लेटवर 'फ्रेंडली मॅनिटोबा' असं छापलेलं असतं आणि जानेवारीत त्या मैत्रीची किंमत विजेच्या बिलात चुकवावी लागते.

यंदाच्या अंकाचा विषय 'ऊब' असल्याचा संपादकांचा निरोप आला, तेव्हा मी विनिपेगला बहिणीकडे होतो आणि खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने धरलेलं बर्फ नखाने खरवडत होतो. गोधडी, चूल आणि आजीची शाल यांवर लिहिणारे अंकात पुष्कळ असणार. तेव्हा आपण त्या वायरीचा माग काढावा, ती जाळीतून आत शिरून नेमकी कुठे पोचते ते पाहावं, असं ठरवलं.

आकडे दोन, थंडी एक

विनिपेग ही मॅनिटोबा प्रांताची राजधानी, कॅनडाच्या जवळजवळ मध्यावर, सपाट गवताळ प्रदेशात वसलेली. उत्तरेकडून येणारी हवा अडवायला वाटेत डोंगर नाही आणि हिवाळ्यात न गोठणारा समुद्रही आसपास नाही. जानेवारीत रात्रीचं किमान तापमान सरासरीने उणे २० च्या आसपास असतं, आणि पारा उणे ३० च्या खाली जाण्याचे दिवस येतात तेव्हा कुणाला त्याचं नवल वाटत नाही. शहराच्या नोंदींतला नीचांक २४ डिसेंबर १८७९ चा, उणे ४७.८. उणे ४० ला सेल्सियस आणि फॅरनहाइट हे दोन्ही आकडे एकच होतात, त्यामुळे जुन्या मापात बोलणारे आजोबा आणि नव्या मापात शिकलेली नातवंडं यांचं एकमत व्हायला तेवढी थंडी पडावी लागते.

रेडिओवर सकाळी तापमानाचे दोन आकडे सांगतात. एक थर्मामीटरचा आणि दुसरा वारा धरून उघड्या कातडीला जाणवणाऱ्या थंडीचा. पहिला उणे ३१ असला तर वाऱ्याच्या दिवशी दुसरा उणे ४४ असतो आणि गप्पांमध्ये अर्थातच दुसराच वापरला जातो. थंडी कमी करून सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. पण इंजिनाला दुसऱ्या आकड्याशी देणंघेणं नसतं. वाऱ्यात उभी असलेली गरम गाडी लवकर गार होते हे खरं, पण हवा उणे ३१ असताना ती उणे ३१ च्या खाली जात नाही. माणसाचं अंग सतत उष्णता तयार करतं आणि वारा ती पळवत राहतो, म्हणून आपल्याला जास्त झोंबतं. बंद इंजिन उष्णता तयारच करत नाही. तेव्हा प्लग लावायचा की नाही, हे ठरवताना पहिला आकडा बघायचा. उणे १५ च्या खाली गेलं की लावा, असा इथला सर्वसाधारण सल्ला आहे.

सेल्फ मारल्यावर

उणे तीसमध्ये रात्रभर उघड्यावर उभी असलेली गाडी सकाळी चालू करताना जो आवाज येतो, तो मी मुद्दाम बहिणीच्या शेजारी उभा राहून ऐकला. सेल्फ फिरतो, पण प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा हळू. डॅशबोर्डवरचे दिवे मंद होत जातात आणि शेवटी नुसती टक्-टक् उरते. दाजी म्हणाले, "बॅटरी गेली." बॅटरी गेलेली नव्हती. एकाच वेळी तीन गोष्टी तिच्या विरोधात गेल्या होत्या.

पहिली गोष्ट इंजिन ऑइल. थंडीत ते घट्ट होतं आणि पिस्टन, क्रँक, बेअरिंग हे सगळं त्या घट्ट तेलातून फिरवावं लागतं. तेलाच्या डब्यावरच्या 'डब्ल्यू' या अक्षराआधीचा आकडा म्हणजे थंडीतली वागणूक. आपल्याकडे दुचाकीत वर्षानुवर्षं २० डब्ल्यू ४० घातलं गेलं आणि कुणाचं काही बिघडलं नाही. इथे ते घातलं तर जानेवारीत इंजिन हलणार नाही. इथे शून्य किंवा पाच डब्ल्यूचं तेल चालतं, आणि पाचचं तेलही उणे ३५ च्या पुढे पंपाने ओढलं जाण्याची खात्री देत नाही. दुसरी गोष्ट खुद्द बॅटरी. तिच्या आतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. उणे १८ च्या आसपास तिची ताकद निम्म्याच्या घरात येते, आणि नेमक्या त्याच वेळी इंजिनाची मागणी दुपटीवर गेलेली असते. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर गोठत नाही, उतरलेली असेल तर आतलं पाणी गोठून खोकं फुगतं. तिसरी गोष्ट पेट्रोल. द्रव पेट्रोल पेट घेत नाही, त्याची वाफ पेट घेते, आणि गारठलेल्या सिलिंडरमध्ये वाफ पुरेशी होत नाही. मग इंजिनाचा कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो. त्यातलं बरंच न जळता सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरतं.

रेडिएटरचं पाणी गोठत नाही, कारण ते नुसतं पाणी नसतं. निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल असं कुलंट उणे ३७ पर्यंत टिकतं. थंडी जास्त म्हणून नुसतं ग्लायकॉल ओतणारे महाभाग असतात. निव्वळ ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं, हे त्यांना टो ट्रकवाला सांगतो.

ती काळी वायर जिथे पोचते, तो ब्लॉक हीटर या तीनपैकी कुठलीच गोष्ट थेट सोडवत नाही. इंजिन गारठण्याचं प्रमाण तेवढं तो कमी करतो. बादलीत आपण हीटरचा रॉड सोडतो, तसा एक छोटा रॉड इंजिनाच्या ब्लॉकमधल्या कुलंटमध्ये कायमचा बसवलेला असतो. साध्या गाडीला तो ४०० ते ६०० वॅटचा पुरतो, मोठ्या डिझेल ट्रकला हजाराच्या पुढचा लागतो. तापलेलं कुलंट ब्लॉकच्या आतल्या पोकळ्यांत वर चढतं, गार खाली येतं, आणि पंप बंद असूनही हळूहळू सगळ्या सिलिंडरांच्या भिंती कोमट होतात. पेट्रोलची वाफ होते, पिस्टन मोकळे हलतात, बॅटरीवरचा भार कमी होतो. तळाच्या ऑइलला मात्र फारशी ऊब पोचत नाही, म्हणून ज्यांना परवडतं ते ऑइलच्या टाकीखाली चिकटवायची वेगळी गादी आणि बॅटरीला गुंडाळायचं वेगळं पांघरूणही घेतात.

डमी काढायची

हे बसवतात कसं, ते पाहायला एका गॅरेजमध्ये गेलो. शहराच्या उत्तर भागात, रेल्वे यार्डाच्या पलीकडे. मालक फिलिपिनो. या शहरात त्यांची वस्ती मोठी आहे. त्याच्या हाताखाली काम शिकणारा मुलगा कागलचा, कोल्हापुरात मेकॅनिकल डिप्लोमा करून इथे आलेला. मला पाहिल्यावर आधी "सर" म्हणाला, मी मराठीत बोललो तसा "काका" वर आला.

हीटर बसवायची खरी वेळ सप्टेंबर-ऑक्टोबर. गॅरेजमधली गर्दी मात्र पहिली उणे तीसची लाट आल्यावरच होते. त्या दिवशी रॅम्पवर एक जुनी जपानी सेडान होती. ती आदल्या रात्री टो करून आणून आत ठेवली होती, कारण गोठलेल्या गाडीवर काम करता येत नाही. प्लॅस्टिकच्या क्लिपा हात लावला की तुटतात आणि रबरी होज लाकडासारखे कडक होतात. मालकीण नाशिकची तरुणी, एका वृद्धाश्रमात काम करणारी. तिने ही गाडी व्हँकूवरहून आलेल्या एका कुटुंबाकडून घेतली होती. व्हँकूवर पॅसिफिकच्या किनाऱ्यावर, तिथे हिवाळा पावसाचा. त्यामुळे तिकडच्या गाड्यांना बहुधा हा हीटर नसतो. इकडच्या शोरूममध्ये नव्या गाड्या हीटर बसवूनच मिळतात, म्हणून तो नसेल अशी शंकाही तिला आली नव्हती.

गाडीखाली ट्रे सरकवून मुलाने रेडिएटरचा खालचा कॉक उघडला. गुलाबी कुलंट ट्रेमध्ये उतरलं. त्यावर त्याने लगेच झाकण ठेवलं. ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात, म्हणून जमिनीवर सांडलेला थेंबही इथे पुसून घेतात. मग त्याने ब्लॉकच्या बाजूवर टॉर्च मारला. कास्टिंगच्या खरबरीत लोखंडात रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, वाटीसारखी खोलगट पत्र्याची एक चकती दाबून बसवलेली होती.

"ही बघा काका, डमी. आपल्याकडं गळाय लागली की बदलत्यात. हितं चांगली असली तरी काढायची."

ही डमी तिथे असण्याचं कारण कोल्हापूरकराला वेगळं सांगावं लागत नाही. इंजिनाचा ब्लॉक ओततात तेव्हा पाण्याच्या पोकळ्यांच्या जागी वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, ठेवावा लागतो. धातू थंड झाल्यावर ती वाळू बाहेर काढायला भोकं लागतात. ती नंतर गुळगुळीत करून चकत्यांनी बंद करतात. पाणी गोठलं तर चकती उडून ब्लॉक वाचतो, म्हणून ती बसवतात, असा समज इथे घट्ट आहे. ती कधी उडते, कधी तिच्याआधी ब्लॉकच तडकतो. ती आहे वाळूसाठी. मुलाचे काका शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत कोअर शॉपला होते. त्यामुळे ओतकामाची गरज म्हणून राहिलेल्या भोकात इथे लोकांनी हीटर बसवला, याचं त्याला माझ्याइतकं नवल वाटत नव्हतं. "भोक हाय, पाणी हाय. आणखी काय पायजे?"

चकतीच्या एका कडेवर बोथट पंच टेकवून त्याने हातोडीचे बेताचे दोन घाव घातले. मध्यावर मारला असता तर चकती सरळ आत पडली असती आणि पोकळीत खडखडत बसली असती. कडेवर मारल्यामुळे ती भोकातच उभी फिरली. पक्कडीने धरून त्याने ती ओढली आणि ब्लॉकमध्ये राहिलेलं कुलंट त्याच्या बाहीवरून भळकन खाली गेलं. गॅरेजचा मालक दुरून हसला. ट्रे चार बोटं डावीकडे हवा होता.

मग भोकाची कड बारीक पॉलिश पेपरने साफ करणं आलं. हे काम त्याने सगळ्यात सावकाश केलं. इथे गंजाची खपली राहिली तर ओ-रिंग बसत नाही आणि गळतीचा पत्ता लागतो तो पुढच्या लाटेत, रस्त्यावर. हीटर मुठीत मावेल एवढा. पुढे वाकवलेली नळी, मागे पितळी बूड, मध्ये एक स्क्रू आणि त्या स्क्रूला आतून अडकवलेली आडवी पट्टी. प्रत्येक इंजिनाला वेगळा नंबर, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. काही गाड्यांत तर तो कुलंटला शिवतही नाही, ब्लॉकच्या एका आंधळ्या भोकात कोरडाच सरकवतात. बसवण्याआधी मुलाने मल्टिमीटर लावला. १२० व्होल्टचा, ४०० वॅटचा हीटर म्हणजे ३६ ओहम यायला हवेत. साधारण तेवढे आले. पिन आणि पितळी बूड यांमध्ये काहीच यायला नको. आलं नाही.

ओ-रिंगला ग्रीस लावून त्याने हीटर आत ढकलला आणि वाकवलेली नळी पुस्तिकेत दाखवलेल्या दिशेला फिरवली. ही नळी आत लोखंडाला टेकता कामा नये. टेकली तर तिथे जास्त तापून जळते. बोटाने थोडं हलवून त्याने ती मोकळी असल्याची खात्री केली. मग स्क्रू आवळला. स्क्रू फिरतो तशी आतली आडवी पट्टी भोकाच्या पाठीमागे अडकते आणि बूड घट्ट ओढून धरते. इथे जोर करायचा नसतो. मालक जवळ आला, आणि शेवटचा पाव फेरा त्याने स्वतः दिला.

खरी मेहनत वायर नेण्यात गेली. एक्झॉस्टपासून लांब, पंख्याच्या पट्ट्यापासून लांब, स्टिअरिंगच्या दांड्याला न घासता ती जाळीपर्यंत आणायची आणि दर वीतभर अंतरावर टायने बांधायची. प्लगला अर्थिंगची गोल पिन असते आणि ती कापून टाकणाऱ्यांबद्दल मालकाला बोलायचं होतं. गाडी चार रबरी टायरांवर उभी असते, जमिनीपासून तुटलेली. हीटर आतून शॉर्ट झाला आणि अर्थिंग नसलं तर गाडीचा अख्खा पत्रा जिवंत होतो आणि बर्फात ओल्या बुटांनी उभा असलेला माणूस दाराला हात लावतो. "वायरवर पैसे वाचवू नका, असं प्रत्येकाला सांगतो," तो म्हणाला. "ऐकत कुणी नाही." स्वस्तातली एक्स्टेन्शन कॉर्ड उणे तीसला काठीसारखी ताठ होते आणि वाकवली की तिचं आवरण तडकतं. बाहेरच्या वापराची, जाड तारांची, थंडीत मऊ राहणारी कॉर्ड वेगळी मिळते आणि महागही असते.

शेवटी कुलंट भरलं, इंजिन चालू केलं, गाडीतला हीटर पूर्ण सोडला, आणि रेडिएटरमधून हवेचे बुडबुडे निघायचे थांबेपर्यंत सगळे उभे राहिले. हवा अडकून नळी उघडी पडली आणि तशात वीज दिली तर हीटर काही क्षणांत जळतो. कोरड्या ब्लॉकवर "चालतो का बघू" म्हणून प्लग लावणारे हीटर जाळूनच येतात, असं मालक म्हणाला. बुडबुडे थांबले. इंजिन गार होऊ दिलं, गळती नाही हे पाहिलं, मग प्लग लावला. मुलाने मला वाकायला सांगितलं. ब्लॉकजवळ कान नेला की पाणी तापायला लागल्याचा बारीक सूं आवाज येतो. हीटर चालू असल्याची खूण तेवढीच. दिवा नाही, बटण नाही.

वीज विकणाऱ्याची युक्ती

याच्या आधीचं जग इथल्या वृद्धांना आठवतं. संध्याकाळी इंजिन बंद करायचं आणि गरम असतानाच ऑइल बादलीत काढायचं, बादली घरात स्टोव्हजवळ ठेवायची, सकाळी ते पुन्हा ओतायचं. उत्तरेकडच्या जंगलात विमानं उडवणारे वैमानिकही हेच करत, आणि वर इंजिनावर तंबू टाकून आत ब्लो-स्टोव्ह पेटवत. विमान जळायची भीती होतीच, पण दुसरा उपाय नव्हता.

विजेचा उपाय निघाला तो विनिपेगपासून सुमारे २३० किलोमीटर दक्षिणेला, सीमेपलीकडे. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात ग्रँड फोर्क्स गावी अँड्र्यू फ्रीमन नावाचे गृहस्थ ग्रामीण वीज सहकारी संस्थेचं काम पाहत. त्यांनी डमीच्या भोकाचा विचार केला नाही. इंजिनाचं हेड ब्लॉकवर आवळणाऱ्या बोल्टांपैकी एक काढून त्याच्या जागी आतून पोकळ, पोटात तापणारी तार असलेला बोल्ट त्यांनी बसवला. १९४९ साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं. शेतांवर नवी नवी वीज पोचत होती आणि रात्री, म्हणजे विजेचा वापर सगळ्यात कमी असतो तेव्हा, ती घेणारं एक उपकरण प्रत्येक खळ्यात उभं राहिलं. वीज विकणाऱ्या माणसाला हे सुचावं, हे मला तरी योगायोगाचं वाटत नाही. रेड रिव्हर ग्रँड फोर्क्सवरून उत्तरेला वाहत विनिपेगला येते. बोल्टही आला. पुढे डमीच्या भोकातला हीटर सोयीचा ठरला, कारण त्यासाठी हेडच्या एकाही बोल्टाला हात लावावा लागत नाही.

आपल्या देशात हा प्रश्न लडाखला आहे, आणि तिथे तो मुख्यतः डिझेलचा. डिझेलमधलं मेण थंडीत घट्ट होतं आणि फिल्टर तुंबतो. लेह-कारगिलकडचे ट्रकवाले टाकीखाली स्टोव्ह किंवा शेगडी पेटवून ते पातळ करत आले. इंडियन ऑइलने पानिपतच्या रिफायनरीत उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल काढून नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखला दिलं, तेव्हा ही कसरत बरीच कमी झाली. पण पार्किंगमध्ये सॉकेटची रांग लडाखला नाही. विनिपेगचं वेगळेपण हीटरमध्ये नाही, त्या रांगेत आहे.

किती वेळ लावायचा

इथल्या गल्ल्यांमध्ये, कार्यालयांच्या आवारांत, कंपन्यांच्या पार्किंगमध्ये कमरेएवढे खांब उभे दिसतात, प्रत्येकावर दोन-दोन सॉकेट. लोक संध्याकाळी घरी आले की सवयीने प्लग लावतात आणि सकाळी काढतात. म्हणजे दहा-बारा तास. यातला बहुतेक वेळ वाया जातो. इंजिन जसं तापतं तशी त्याच्यातून बाहेर जाणारी उष्णताही वाढते, आणि तीन-चार तासांत हीटर देतो तेवढीच उष्णता बाहेर जायला लागते. पुढे कितीही तास ठेवा, इंजिन आणखी तापत नाही. म्हणून निघण्याआधी दोन ते चार तास पुरतात आणि त्यासाठी टायमर लागतो. ४०० वॅट गुणिले तीन तास म्हणजे सव्वा युनिटही नाही. रात्रभर ठेवलं तर चार-पाच युनिट. मॅनिटोबात वीज जवळजवळ सगळी जलविद्युत, साधारण दहा सेंट युनिट, त्यामुळे लोक हिशेब करत नाहीत. ज्यांचं पार्किंग मोठं आहे ते मात्र करतात. अनेक आवारांतली सॉकेट थंडीच्या प्रमाणात आळीपाळीने चालू-बंद होतात. नवखा माणूस प्लग लावतो, टेस्टर लावून बघतो, वीज नाही असं म्हणून तक्रार करतो. ऑफिसवाले त्याला अर्ध्या तासाने परत बघायला सांगतात.

फिनलंडमध्ये असेच खांब असतात आणि त्यांत घड्याळच बसवलेलं असतं, उद्या किती वाजता निघणार ते आज फिरवून ठेवायचं. अलास्कात फेअरबँक्सला या प्लगला आणखी एक कारण होतं. तिथे हिवाळ्यात थंड हवेचा थर जमिनीलगत अडकून बसतो आणि गार इंजिन चालू होतानाच सगळ्यात जास्त कार्बन मोनॉक्साईड सोडतं, कारण जास्तीचं पेट्रोल अर्धवट जळतं आणि धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर तापलेला नसतो. गाडी प्लगला लावा, हा तिथे शहराच्या हवेसाठी आखलेल्या उपायांचा भाग झाला.

रिमोट स्टार्टर आल्यावर हे सगळं जुनं झालं, असं तरुण मंडळी म्हणतात. घरात चहा घेता घेता बटण दाबायचं, गाडी बाहेर पंधरा मिनिटं चालू राहते, सीटही गरम. पण रिमोटने फक्त किल्ली फिरते. उणे पस्तीसला जे इंजिन किल्लीने उचलत नाही, ते बटणानेही उचलत नाही. ज्यांच्या गाडीला दोन्ही आहे ते तीन तास हीटर आणि मग पाच मिनिटं रिमोट असं करतात. त्यातले काही जण वायर लावलेली असतानाच गाडी हलवतात. मार्चमध्ये बर्फ वितळलं की रस्त्याकडेला तुटलेल्या कॉर्ड सापडतात, असं बहीण सांगते.

सॉकेट कुणाचं

नाशिकच्या मुलीचा हीटर बसला, पण तिचा प्रश्न तेवढ्याने सुटला नव्हता. ती एका घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहते आणि गाडी रस्त्यावर लावते. रस्त्यावर सॉकेट नसतं. फुटपाथवरून वायर ओढली तर येणारा-जाणारा अडखळतो आणि बर्फ काढणारं यंत्र ती गिळतं. शिवाय बर्फ पडलं की काही रस्त्यांवर रात्री गाडी ठेवायलाच बंदी. या शहरात ऊब मिळवायची असेल तर आधी हक्काची पार्किंगची जागा लागते, आणि ती असते घर असलेल्याकडे किंवा चांगल्या इमारतीत फ्लॅट घेतलेल्याकडे. नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांकडे, पहाटेच्या पाळीला जाणाऱ्यांकडे, म्हणजे ज्यांची गाडी सकाळी चालू झालीच पाहिजे अशांकडे ती बहुधा नसते. बस आहे, पण मुलीची पाळी सातला सुरू होते आणि दोन बस बदलून जावं लागतं. उणे तीसला थांब्यावर वीस मिनिटं उभं राहणं काय असतं, ते मी एका सकाळी पाहिलं. बुटांच्या आत बोटं हलवत राहावी लागतात.

"गाडी नाही उचलली तर फोन करून सांगता येतं ना कामावर?" मी विचारलं.

"एकदा सांगता येतं, काका. दुसऱ्यांदा शिफ्टच कमी देतात."

तिच्या घरामागे, मागच्या गल्लीत, घरमालकीणबाईंचं गॅरेज आहे आणि त्याच्या शेजारी एका गाडीपुरती रिकामी जागा. गॅरेजच्या भिंतीवर बाहेरच्या बाजूला झाकण असलेलं सॉकेट. संध्याकाळी ती बोलायला गेली तेव्हा मीही गेलो. बाई ऐंशीच्या घरातल्या, युक्रेनमधून आलेल्या शेतकऱ्यांच्या घरातल्या. वडील ऑइलची बादली स्टोव्हजवळ ठेवायचे आणि सगळ्या घराला त्याचा वास यायचा, हे त्यांनीच सांगितलं. जागा द्यायला त्या तयार होत्या. विजेचे महिन्याला पंचवीस डॉलर म्हणाल्या. आधीचा भाडेकरू रात्रंदिवस प्लग लावून ठेवायचा.

मुलीने फोनवर हिशेब मांडला. चारशे वॅट, तीन तास, दहा सेंट, तीस दिवस : साडेतीन-पावणेचार डॉलर. बाईंनी चष्मा लावून तो नीट पाहिला आणि जागेचेही पैसे असतात म्हणाल्या. मुलगी पाचवर आली, बाई पंधरावर. मला मध्ये बोलायचं कारण नव्हतं. नाशिकच्या भाजीबाजारात वाढलेली मुलगी आणि प्रेअरीवरच्या शेतात वाढलेली म्हातारी, दोघींना सवय होती. दहा डॉलरवर ठरलं, आणि पुढच्या पायऱ्यांवरचं बर्फ मुलीने काढायचं.

टायमर बाहेर ठेवला तर त्याचं घड्याळ थंडीने अडकतं, म्हणून तो गॅरेजच्या आत लावायचं ठरलं. वेळ बाईंनी स्वतः फिरवली, पहाटे तीन ते सहा. आपल्याला सव्वासहाला निघायचं असतं, असं मुलगी म्हणाली, तेव्हा त्यांनी टायमरला पुन्हा हात लावला नाही. पंधरा मिनिटांत इंजिन गोठत नाही, म्हणाल्या.